पुढे गेलेला ब्राउझर मागे आणताना

मित्रांनो, सकाळी लॅपटॉप उघडावा आणि ब्राउझरचा चेहराच बदललेला असावा, हा अनुभव हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कोणाला ना कोणाला आलेला असतो. रात्री झोपताना सगळं जागेवर होतं. सकाळी टॅबची पट्टी वेगळी, मेनू दुसरीकडे, आणि ज्या एक्स्टेन्शनवर आपलं निम्मं काम चालतं त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, ‘या व्हर्जनवर चालत नाही’. एरवी माणूस चरफडतो आणि दोन दिवसांत सवय करून घेतो. पण नेमकं त्याच आठवड्यात सबमिशन असेल, किंवा लॅबमधलं एखादं पोर्टल नव्या व्हर्जनमध्ये उघडतच नसेल, तर ‘हे काढून जुनंच टाकू’ असं वाटणं साहजिक आहे.

जुनं टाकणं सोपं आहे. जुना इन्स्टॉलर मिळतो, दहा मिनिटांत काम होतं. पण त्यानंतर ब्राउझर उघडल्यावर बुकमार्क्स नाहीत, पासवर्ड्स नाहीत, प्रोजेक्टसाठी चार महिने जमवलेल्या लिंक्स नाहीत, असं झालं की खरी धावपळ सुरू होते. म्हणून या लेखात दोन गोष्टी पाहू. मागे जाताना नेमकं काय मागे जातं आणि काय जात नाही, ही पहिली. आणि जायचंच असेल तर काही न गमावता कसं जायचं, ही दुसरी. उदाहरण मुख्यतः फायरफॉक्सचं घेतलं आहे, कारण त्याची जुनी व्हर्जन्स कंपनी स्वतःच जपून ठेवते आणि आतली रचना उघडून पाहता येते. क्रोमबद्दलही पुढे येईल.

ब्राउझर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू

आपण ‘ब्राउझर’ म्हणतो तेव्हा डिस्कवर खरं तर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रोग्रॅम. तो विंडोजमध्ये प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसतो, सगळ्यांच्या मशीनवर सारखाच असतो, आणि हरवला तर पुन्हा उतरवून घेता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रोफाइल. हा तुमच्या युजर अकाउंटमधला एक फोल्डर असतो. त्यात तुमचे बुकमार्क्स, हिस्टरी, पासवर्ड्स, कुकीज, एक्स्टेन्शन्स आणि सेटिंग्ज असतात. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर खोली हॉस्टेलची, ट्रंक तुमची. खोली बदलून मिळेल, ट्रंकेतलं सामान दुसरं कोणी देणार नाही.

फायरफॉक्सच्या या ट्रंकेत काय काय आहे ते नावानिशी माहीत असलेलं बरं. ‘प्लेसेस डॉट एसक्यूलाइट’ या फाइलमध्ये बुकमार्क्स आणि हिस्टरी असते. ही पद्धत २००८ साली आलेल्या फायरफॉक्स ३ पासून आहे. पासवर्ड्स ‘लॉगिन्स डॉट जेसन’ या फाइलमध्ये कुलूपबंद असतात आणि त्यांची किल्ली ‘की-फोर डॉट डीबी’ या दुसऱ्या फाइलमध्ये असते. दोन्ही फाइल्स सोबत असतील तरच उपयोग. नुसती एक कॉपी केली तर हाती काही लागत नाही. याशिवाय ‘बुकमार्क बॅकअप्स’ नावाचा एक फोल्डर असतो. त्यात फायरफॉक्स तुम्हाला न विचारता बुकमार्क्सच्या तारीखवार प्रती ठेवत जातो, नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटच्या पंधरा. फारच थोड्यांनी हा फोल्डर पाहिलेला असतो, पण अडचणीच्या वेळी तोच कामाला येतो.

मागे का येता येत नाही?

ज्यांनी डीबीएमएस विषय शिकला आहे त्यांना हे लगेच पटेल. ‘प्लेसेस डॉट एसक्यूलाइट’ हा एक साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे. त्याच्या आत स्कीमाचा एक नंबर लिहिलेला असतो. नवं व्हर्जन पहिल्यांदा सुरू झालं की ते हा नंबर वाचतं. नंबर जुना असेल तर लागतील ते टेबल्स आणि कॉलम्स बदलतं आणि नवा नंबर लिहून ठेवतं. आपल्याला एवढंच दिसतं की आज ब्राउझर उघडायला जरा जास्त वेळ लागला.

हा प्रवास एका दिशेचा आहे. नव्या व्हर्जनला जुना फॉरमॅट माहीत असतो, कारण तो आधीच अस्तित्वात होता. जुन्या व्हर्जनला नवा फॉरमॅट माहीत असणं शक्यच नाही, कारण ते लिहिलं गेलं तेव्हा हा फॉरमॅट कोणी ठरवलाही नव्हता. मागच्या वर्षीचं सोल्व्ह्ड पेपरचं पुस्तक घेऊन या वर्षीच्या नव्या सिलॅबसची परीक्षा द्यायला बसण्यासारखं आहे. काही प्रश्न जुळतील, काही नाही, आणि कुठले जुळणार ते आधी कळणार नाही.

ठोस उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये फायरफॉक्स ५५ आलं. तोपर्यंत साइट्सची छोटी चिन्हं, म्हणजे फेव्हआयकॉन्स, ‘प्लेसेस’ या डेटाबेसमध्येच असायची. ५५ ने ती काढून ‘फेव्हआयकॉन्स डॉट एसक्यूलाइट’ या वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. त्याच व्हर्जनच्या माहितीपत्रकात मोझिलाने स्पष्ट लिहिलं की मागच्या व्हर्जनला परत जाण्याला आमचा पाठिंबा नाही, आधी कधी जमलं असेल तरी यापुढे अडचणी येऊ शकतात.

थोडा इतिहास

नको असलेल्या अपग्रेडची तक्रार नवी नाही. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ७ आला आणि पुढे ऑटोमॅटिक अपडेट्समधून एक्सपीच्या मशीन्सवर उतरू लागला. ज्या ऑफिसांच्या साइट्स इंटरनेट एक्सप्लोरर ६ साठीच बनवलेल्या होत्या, त्यांची पंचाईत झाली. हा अपग्रेड आपोआप येऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टला वेगळं टूलकिट द्यावं लागलं. आलाच तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘अॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’मधून तो काढता यायचा आणि ६ परत मिळायचा, कारण ७ बसताना ६ च्या फाइल्स बाजूला जपून ठेवल्या जायच्या.

पण २००८ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ आला आणि एक गंमत झाली. ज्या मशीनवर ७ आधी बसलेला होता आणि सर्व्हिस पॅक नंतर आला, तिथे ‘रिमूव्ह’चं बटण फिकट होऊन बंद पडलं. कारण असं, की बाजूला ठेवलेल्या ६ च्या फाइल्स सर्व्हिस पॅकच्या आधीच्या होत्या. त्या परत आणल्या असत्या तर नव्या सिस्टिममध्ये जुन्या फाइल्सची खिचडी झाली असती. परतीची वाट आज उघडी आहे म्हणून उद्याही असेल असं नाही, ही गोष्ट तेव्हा अनेकांना कळली.

फायरफॉक्सवाल्यांची पाळी २०११ मध्ये आली. मार्चमध्ये व्हर्जन ४ आलं आणि त्यानंतर कंपनीने दर सहा आठवड्यांनी नवं व्हर्जन द्यायला सुरुवात केली. जूनमध्ये ५, आणि डिसेंबर संपेपर्यंत ९. एवढ्या वेगाने कुठल्याही संस्थेला आपल्या साइट्स तपासून घेणं शक्य नव्हतं. त्या ओरड्यातून जानेवारी २०१२ मध्ये, व्हर्जन १० सोबत, ‘एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज’ म्हणजे ईएसआर सुरू झालं. याचं महत्त्व पुढे सांगतो. २०२० पासून नेहमीच्या व्हर्जन्सचा वेग वाढून साधारण चार आठवड्यांवर आला.

सर्वात मोठा धक्का होता १४ नोव्हेंबर २०१७ चा. त्या दिवशी आलेल्या फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स बंद केली. रात्रभर डाउनलोड लावून झोपणाऱ्या हॉस्टेलच्या मुलांचं लाडकं ‘डाउन-देम-ऑल’ त्यात गेलं. वेगळ्या तंत्राने नव्याने लिहिलेलं ‘डाउन-देम-ऑल’ यायला २०१९ उजाडलं. मराठी वाचकांच्या ओळखीचं ‘पद्म’ हे एक्स्टेन्शनही त्याच जुन्या पिढीतलं. भारतीय भाषांच्या साइट्स आपापला खास फॉन्ट वापरायच्या त्या काळात, ते मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. अशी एक्स्टेन्शन्स ज्यांना हवी होती ते तेव्हा ५२ ईएसआरकडे परत गेले. पण ५७ आणि ५२ यांच्या मध्ये ते ५५ होतं! म्हणजे ज्यांनी प्रोफाइल तसंच ठेवून फक्त प्रोग्रॅम मागे आणला, त्यांनी नेमका न जुळणारा डेटा जुन्या प्रोग्रॅमच्या हाती दिला. ज्यांनी नवं प्रोफाइल बनवून बुकमार्क्स त्यात आणले, त्यांचं काम नीट झालं. आणि ५२ ईएसआरची मुदतही सप्टेंबर २०१८ मध्ये संपली. मागे जाऊन मिळाले ते दहा महिने.

आधी रोग ओळखा

मागे जाण्याआधी दोष खरंच व्हर्जनचा आहे का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. हेल्प मेनूमध्ये ‘ट्रबलशूट मोड’ असतो, पूर्वी त्याला सेफ मोड म्हणायचे. त्यात ब्राउझर सुरू केला की एक्स्टेन्शन्स आणि थीम बाजूला राहतात. अडचण तिथे नाहीशी झाली तर दोष एक्स्टेन्शनचा आहे, एकेक बंद करून शोधा.

दुसरी चाचणी नव्या प्रोफाइलची. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘प्रोफाइल्स’ असं रोमन लिपीत, मधे जागा न सोडता टाइप केलं की प्रोफाइल्सचं पान उघडतं. तिथे एक नवं प्रोफाइल बनवून त्यात तीच साइट उघडून बघा. तिथे चालली तर दोष तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये आहे आणि व्हर्जन मागे नेऊन तो जाणार नाही.

दोन्हीकडे अडचण तशीच राहिली, आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मागच्या व्हर्जनमध्ये तीच साइट चालते आहे, तर मग व्हर्जनवर संशय घ्यायला हरकत नाही.

एखादंच जुनं पोर्टल अडत असेल तर अख्खा ब्राउझर मागे नेण्याची गरज नसते. त्या पोर्टलपुरता दुसरा ब्राउझर ठेवा. पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर तो शोधत बसू नका. विंडोज १० वरचा तो प्रोग्रॅम १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट एजमध्ये ‘आयई मोड’ आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे.

मागे, पण कुठपर्यंत?

इथे बहुतेकांची गफलत होते. ‘जुनं’ व्हर्जन आणि ‘ईएसआर’ व्हर्जन या एकच गोष्टी नाहीत. साधारण वर्षातून एकदा एक व्हर्जन ईएसआर म्हणून निवडलं जातं. त्यात वर्षभर नवे बदल येत नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. पुढचं ईएसआर आल्यावरही काही आठवडे जुनं आणि नवं दोन्ही चालू असतं, म्हणजे बदलायला सवड मिळते. साधं जुनं व्हर्जन मात्र पुढचं आलं की सोडून दिलेलं असतं. त्याला दुरुस्ती नाही.

याचा अर्थ काय होतो ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. वेबपी प्रकारची चित्रं वाचणाऱ्या ‘लिबवेबपी’ या लायब्ररीत मोठा दोष सापडला. मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र पानावर ठेवायचं, पान उघडणाऱ्याच्या मशीनमध्ये घुसखोरी शक्य व्हायची, आणि त्याचा गैरवापर आधीच सुरू झालेला होता. क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आली. फायरफॉक्सची दुसऱ्या दिवशी, म्हणजे १२ तारखेला, ११७.०.१ मध्ये आली. त्याच दिवशी ती ईएसआर ११५.२.१ मध्ये आली आणि त्याहून जुन्या ईएसआर १०२.१५.१ मध्येही आली. आता विचार करा. कोणी त्या वेळी आवडीचं म्हणून फायरफॉक्स ११० धरून बसला असेल तर त्याला काहीच मिळालं नाही. १०२ ईएसआरवाला मात्र सुरक्षित झाला. नंबर लहान असूनही!

दुसरा धोका सर्टिफिकेट्सचा. फायरफॉक्समधल्या एका रूट सर्टिफिकेटची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली. व्हर्जन १२८ च्या आधीचं, किंवा ईएसआर ११५.१३ च्या आधीचं फायरफॉक्स आज टाकलं तर एक्स्टेन्शन्स बंद पडू शकतात. म्हणजे ज्या एक्स्टेन्शनसाठी मागे गेलो तेच चालायचं नाही. त्याहून मागे, समजा २०१० च्या ३.६ पर्यंत गेलात, तर बहुतेक साइट्स उघडणारच नाहीत. आजच्या साइट्स टीएलएस १.२ किंवा १.३ मागतात, आणि १.२ फायरफॉक्समध्ये आपसूक चालू झालं ते २०१४ च्या व्हर्जन २७ पासून.

तेव्हा नियम सोपा आहे. शक्यतो चालू मुदतीच्या ईएसआरवर जा. त्यात काम होत नसेल तरच नुकत्याच गेलेल्या एका व्हर्जनवर, आणि तेही थोड्या दिवसांसाठी. लॅबमध्ये अजून विंडोज ७ किंवा ८ ची मशीन्स असतील तर त्यांच्यासाठी जुलै २०२३ मधलं ११५ ईएसआर हे शेवटचं आहे. त्यावर पुढचं काही बसत नाही.

आता प्रत्यक्ष कृती

१. आधी प्रोफाइलची प्रत. वर सांगितलेलं प्रोफाइल्सचं पान उघडा. ज्या प्रोफाइलपुढे ते सध्या वापरात असल्याचं लिहिलेलं आहे, त्याच्या ‘रूट डिरेक्टरी’समोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबा. मग फायरफॉक्स पूर्ण बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण चालू असताना डेटाबेसचं लिखाण अर्धवट असू शकतं. तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि नावात तारीख घाला.

२. कुठल्याही व्हर्जनला वाचता येईल अशी दुसरी प्रत. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही बटणं एकदम दाबली की बुकमार्क्सची लायब्ररी उघडते. तिथल्या ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मधून बुकमार्क्स एचटीएमएल फाइलमध्ये काढा. एचटीएमएल ही साधी फाइल आहे, तिला स्कीमा-बिमा काही नाही, क्रोमसुद्धा ती वाचतो. पासवर्ड्स ‘अबाउट, कोलन, लॉगिन्स’ या पानावरून सीएसव्ही फाइलमध्ये काढता येतात. पण लक्षात ठेवा, त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड्स उघडे लिहिलेले असतात. काम झालं की ती कायमची पुसा. लॅबच्या किंवा रूम पार्टनरच्या मशीनवर ती बनवूच नका.

३. इन्स्टॉलर मूळ ठिकाणाहूनच. ईएसआर मोझिलाच्या साइटवर मिळतं. बाकीची जुनी व्हर्जन्स ‘आर्काइव्ह डॉट मोझिला डॉट ऑर्ग’ इथे, फायरफॉक्सच्या ‘रिलीजेस’ फोल्डरमध्ये ओळीने ठेवलेली आहेत. आत विंडोज ३२ बिट, ६४ बिट, लिनक्स असे भाग असतात आणि त्यांच्या आत भाषा असतात. ‘एमआर’ नावाचा फोल्डर आपल्या मराठीचा. ‘सगळी जुनी व्हर्जन्स फुकट’ असं सांगणाऱ्या तिऱ्हाईत साइट्सच्या वाटेला जाऊ नका. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघा, तिथे मोझिला कॉर्पोरेशनचं नाव हवं. लिनक्सवाल्यांनी प्रत्येक व्हर्जनसोबत दिलेल्या यादीशी शा-२५६ ची बेरीज पडताळावी.

४. वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडून दुसरा फोल्डर द्या. २०१९ च्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक वेगळ्या फोल्डरमधल्या फायरफॉक्सला आपलं स्वतंत्र प्रोफाइल मिळतं. त्यामुळे नवं व्हर्जन आणि त्याचं प्रोफाइल हात न लावता जागेवर राहतं. जुनं पटलं नाही तर काढून टाकायचं, नुकसान काही नाही.

५. अपडेटचा बंदोबस्त. ईएसआर घेतलं असेल तर अपडेट्स चालूच ठेवा, ते ईएसआरच्याच रुळावर राहतात. साधं जुनं व्हर्जन घेतलं असेल तर ते सुरू झाल्या झाल्या पुन्हा नवं उतरवायला लागतं. म्हणून पहिल्यांदा उघडताना लॅनची वायर काढा किंवा वाय-फाय बंद ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट्स तपासा, पण बसवायचे की नाही ते मला ठरवू द्या’ हा पर्याय निवडा आणि मग नेट जोडा.

६. डेटा आणा. अपग्रेडच्या आधीची प्रोफाइलची प्रत असेल तर उत्तम, तीच वापरा. नसेल तर नव्या प्रोफाइलमध्ये एचटीएमएल फाइलमधून बुकमार्क्स घ्या. फायरफॉक्स सिंकचं खातं असेल तर त्यात लॉगिन केल्यावर बुकमार्क्स आणि पासवर्ड्स आपोआप येतात. पण सिंकलाच बॅकअप समजू नका. एका मशीनवर पुसलेलं दुसऱ्या मशीनवरही पुसलं जातं.

तो घाबरवणारा निरोप

कोणी वरचं काही न करता, जुनं व्हर्जन त्याच जागी बसवून उघडलं तर एक चौकट येते. ‘तुम्ही फायरफॉक्सचं जुनं व्हर्जन सुरू केलं आहे’ असा तिचा आशय असतो, आणि खाली दोनच पर्याय असतात, नवं प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा. ही सोयसुद्धा ६७ पासूनची. प्रोफाइलमध्ये ‘कंपॅटिबिलिटी डॉट आयएनआय’ नावाची छोटी फाइल असते, तिच्यात शेवटी कुठल्या व्हर्जनने हे प्रोफाइल उघडलं ते लिहिलेलं असतं. जुन्या प्रोग्रॅमला तिथे स्वतःपेक्षा मोठा नंबर दिसला की तो पुढे जात नाही.

‘नवं प्रोफाइल’ दाबलं की रिकामा ब्राउझर उघडतो आणि पोरं म्हणतात, ‘सगळं उडालं!’ काही उडालेलं नसतं. जुनं प्रोफाइल डिस्कवर तसंच असतं. प्रोफाइल्सच्या पानावर ते दिसतं, आणि नवं व्हर्जन परत बसवलं की उघडतं. अशा वेळी सर्वात वाईट गोष्ट म्हणजे वैतागून प्रोफाइल ‘डिलीट’ करणं. ती मात्र कोणी करू नये.

प्रोग्रॅम सुरू करताना ‘अलाउ डाउनग्रेड’ हा ऑप्शन देऊन ही अडवणूक टाळता येते. पण ही अडवणूक आपल्याच डेटासाठी आहे. प्रत हाताशी असल्याशिवाय ती टाळू नका.

लिनक्स, क्रोम आणि लॅब

उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतं. तिथे ‘स्नॅप रिव्हर्ट फायरफॉक्स’ ही आज्ञा सुडोसकट दिली की मागचं व्हर्जन परत येतं, आणि सोडून दिलेलं तेच व्हर्जन आपोआप पुन्हा बसत नाही. पण फायरफॉक्सचं प्रोफाइल स्नॅपच्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये असतं आणि रिव्हर्ट करताना तो फोल्डर मागे जात नाही. म्हणजे पुन्हा तेच, प्रोग्रॅम मागे आणि डेटा पुढे. पहिली पायरी इथेही चुकत नाही.

क्रोमच्या बाबतीत घरगुती वापरणाऱ्याला गूगल जुनी व्हर्जन्स देत नाही. संस्थेच्या ताब्यातल्या मशीन्सवर मात्र पॉलिसी लावून ठरावीक व्हर्जनपर्यंत मागे आणता येतं. त्यासाठी क्रोम मोठ्या अपडेटच्या वेळी युजर डेटाची एक प्रत बाजूला काढून ठेवतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा तीन प्रती राहतात. फायरफॉक्सने तुम्हाला हाताने करायला लावलं तेच काम इथे प्रोग्रॅम करतो. शिवाय संस्थांसाठी क्रोमची ‘एक्स्टेंडेड स्टेबल’ शाखा सप्टेंबर २०२१ मधल्या व्हर्जन ९४ पासून आहे. तिच्यात मोठे बदल आठ आठवड्यांनी येतात.

लॅब सांभाळणाऱ्या सरांना आणि असिस्टंट मंडळींना एक विनंती. चाळीस मशीन्सवर ईएसआर टाकणं आणि एका मशीनवर नेहमीचं व्हर्जन ठेवून पोर्टल आधी तपासणं, एवढ्याने सेमिस्टरच्या मध्यावरची निम्मी पळापळ वाचते. फायरफॉक्समध्ये ‘डिसेबल ॲप अपडेट’ नावाची पॉलिसी आहे, २०१८ च्या व्हर्जन ६० पासून ती एका साध्या जेसन फाइलने लावता येते. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यापुरती ती लावावी आणि परीक्षा संपली की काढावी. काढायची राहिली तर अख्खी लॅब दुरुस्तीविना पडून राहते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मागे गेल्यावर पुढे काय?

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने मागे जाऊन नुसतं थांबू नये. नव्या व्हर्जनमध्ये खरंच काही मोडलं असेल तर ते कुठल्या बदलाने मोडलं हे शोधण्यासाठी मोझिलाचं ‘मोझरिग्रेशन’ नावाचं पायथनमधलं साधन आहे. त्याला चालणारी तारीख आणि न चालणारी तारीख सांगायची. ते मधल्या दिवसाचं बिल्ड उतरवून वेगळ्या, स्वच्छ प्रोफाइलमध्ये उघडून देतं. आपण फक्त ‘चालतं’ किंवा ‘नाही चालत’ एवढंच सांगायचं. डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकलेला बायनरी सर्च तो हाच. मध्ये १०२४ बिल्ड्स असली तरी दहा वेळा तपासलं की दोषी बिल्ड सापडतं. असा नेमका रिपोर्ट मोझिलाच्या बग नोंदवहीत टाकला तर तो दुरुस्त होण्याची शक्यता ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त. व्हायवामध्ये सांगायलाही चांगला विषय आहे!

आणि मागे जाताना एक तारीख ठरवा. सबमिशन संपेपर्यंत, किंवा पोर्टल दुरुस्त होईपर्यंत, किंवा एक्स्टेन्शनचा पर्याय सापडेपर्यंत. ती तारीख आली की पुढे या. ५२ ईएसआरवाल्यांना दहा महिने मिळाले. ज्यांनी त्या काळात पर्याय शोधला त्यांचं काम अडलं नाही. ज्यांनी शोधला नाही ते सप्टेंबर २०१८ मध्ये दुरुस्ती नसलेल्या ब्राउझरवर अडकले.

तेव्हा मित्रांनो, हा अंक खाली ठेवल्यावर एक काम करा. ब्राउझर मागे न्यायचा असो वा नसो, प्रोफाइलचा फोल्डर शोधा, ब्राउझर बंद करा आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. नको असलेला अपग्रेड सांगून येत नाही, आणि आला की प्रत घेण्याची वेळ निघून गेलेली असते.